निवायला ठेवलेला चहा

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर पोरगा पुण्याहून घरी आला आणि आल्या आल्या त्याने एक पराक्रम केला. दुपारी मी जरा आडवी झाले होते म्हणून आबांचा चहा त्याने स्वतः केला. आलं किसलं, गवती चहाची पात टाकली, दूध चांगलं आटू दिलं, सगळं अगदी रीतसर. मग गाळला, कपात ओतला, कपाचा फोटो काढला, तो कुणाला तरी पाठवला, आणि एवढं झाल्यावर ओसरीवर जाऊन आजोबांच्या हातात दिला. आबांनी कप तोंडाला लावला, लगेच खाली ठेवला आणि नातवाकडे न बघता समोरच्या लिंबाकडे बघत म्हणाले, "हाऊ च्या शे का सरबत?"

मी उठून बाहेर आले. पोराचं तोंड एवढंसं झालेलं. खरं सांगायचं तर चहा थंड नव्हताच. कपाला हात लावून पाहिला, मला तर तो अगदी प्यायजोगा वाटला. तो मीच पिऊन टाकला आणि आबांसाठी दुसरा ठेवला. कप गरम पाण्याने विसळून घेतला, पातेलं गॅसवरून उतरवलं ते थेट गाळणीखाली, आणि वाफ निघतेय तोवर कप आबांपुढे. आबा खूश. नातू मात्र आता दुखावलेला नाही तर काळजीत पडलेला. "मम्मी, हे डेंजर आहे. एवढं गरम पिऊन अन्ननलिकेचा कॅन्सर होतो," असं म्हणून त्याने फोन माझ्यापुढे धरला.

गोष्ट खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी जी संस्था आहे, तिने २०१६ साली ६५ अंशांपेक्षा गरम पेयांना 'कर्करोगाला बहुधा कारणीभूत' अशा यादीत टाकलं. गंमत अशी की त्याच वेळी कॉफीवर पूर्वी असलेला संशय काढून टाकला. म्हणजे दोष पेयाचा नाही, त्याच्या चटक्याचा. उत्तर इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार माणसांच्या चहाची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. ६० अंशांच्या वरचा चहा रोज ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांमध्ये हा आजार होण्याची जोखीम जवळजवळ दुप्पट निघाली. हे सगळं पोराने आबांना वाचून दाखवलं. आबांनी ऐकून घेतलं आणि इराणात लोक चहात दूध घालतात का, एवढंच विचारलं.

तिथे विषय संपला असता. पण या मुलाकडे कॉफीसाठी घेतलेलं एक डिजिटल थर्मामीटर आहे, सुईसारखं लांब टोक असलेलं. संध्याकाळच्या चहाला त्याने ते बॅगेतून काढलं. बीपी बघायला आलेल्या नर्सपुढे हात धरावा तसा आबांनी कप पुढे केला. आकडा आला ७८. "बघा!" पोरगा विजयी मुद्रेने म्हणाला. आबांनी काही न बोलता कप उचलला, नेहमीसारखा बशीत थोडा चहा ओतला, बशी जराशी हलवून तिच्या काठाकाठाने चहा फिरवला, हळूच दोन फुंकरा घातल्या, आणि ती ओठांकडे नेणार तेवढ्यात नातवाला काय सुचलं कुणास ठाऊक, त्याने बशीतच सुई बुडवली.

५७.

आम्ही तिघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो. मग आबांनी फुर्रर्र आवाज करत बशी रिकामी केली.

आबांना चहा पिताना मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, पण त्या विधीकडे नीट पाहिलं ते त्या दिवसानंतरच. चिनी मातीची बशी गार असते, ती पहिला झटका स्वतः सोसते. चहा पसरून पातळ होतो, वाफेला निघून जायला ऐसपैस जागा मिळते, फुंकर त्या वाफेला पुढे ढकलते. दोन-चार क्षणांत वीस अंश उतरतात. पहिली बशी फुंकून, दुसरी नुसती हलवून, तिसरी ओतली की लगेच, आणि तळाचा घोट सरळ कपातून, कारण तोवर कपच निवालेला असतो. एका कपात तीन-चार वेगवेगळे चहा. आणि मधल्या मधल्या वेळात बोलणं. कापसाला काय भाव फुटला, बांधावरून कुणाची कुणाशी जुंपली, बोरी नदीला यंदा पाणी कसं, कोण गेलं, कुणाच्या घरात सोयरीक जमली. माझ्या लक्षात आलं की आबांना गरम चहा प्यायचा नसतोच. त्यांना गरम चहा मिळायला हवा असतो. तो किती निववायचा, कुठल्या घोटाला किती, हे ठरवायचं काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत. पोराने आणलेला कप निवून आला होता म्हणजे ते काम आधीच उरकलं गेलं होतं. बशीत ओतायला काही कारणच उरलं नव्हतं.

पोराच्या जगात बशीच नाही. तिकडे चहा पातळ कागदी कपात येतो आणि ७८ अंशांचा कागदी कप हातात धरून दाखवावा कुणीतरी. तो रस्त्यात उभ्याने, एका हातात फोन धरून, बरेचदा चालता चालता प्यायचा असतो. त्यामुळे तो आला की लगेच तोंडाला लावता येईल असाच लागतो. कॉफी तर बर्फ घालूनच. डब्यातून आलेलं जेवण कोमट असतं, तसंच खाल्लं जातं. मी सुरुवातीला जीव काढायचे, "अरे गरम करून घे," म्हणून. तो म्हणायचा, "चालतं गं." आणि त्याला खरंच चालतं. आबांच्या पिढीला वेळ होता आणि यांना नाही, असा सूर लावायची मला अजिबात हौस नाही. आबांना ओसरीवर तो निवांतपणा मिळाला कारण आत स्टोव्हला पंप मारणारं दुसरं कुणीतरी होतं. पण ते नंतर.

नातवाने आपली हार लगेच मान्य केली नाही. त्याचं पुढचं म्हणणं असं की वय वाढलं की चटका कळेनासा होतो. यातही तथ्य आहे, पण त्याला वाटतं तेवढं नाही. उष्णता जाणवण्याची शक्ती उतारवयात सगळ्यात जास्त घटते ती पायांत. ओठांच्या आसपास ती सगळ्यात कमी घटते. आबा गरम पाण्याच्या घंगाळात पाय बुडवतात तेव्हा मी आधी हात घालून बघते ती त्यासाठीच. तोंडाचं कारण असलंच तर वेगळं असेल, ते म्हणजे कवळी. वरची कवळी टाळू झाकून टाकते, त्यामुळे गरम घास आत गेला तरी टाळूला पत्ता लागत नाही, कळतं ते घशाला. हे आबांना सांगितल्यावर ते दुखावले. "मन्ही जीभ अजून मरेल नई," म्हणाले. आणि स्वतःचे दात होते तेव्हाही त्यांना चहा असाच लागायचा, याला सगळी आळी साक्षीदार आहे.

शिवाय हाच माणूस जेवणाच्या बाबतीत अजिबात असा नाही. उभा जन्म शेतात गेला. सकाळी फडक्यात बांधून दिलेली कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, असलंच तर रात्रीचं पिठलं. ते दुपारी बांधावर बसून खायचं. गरम काय असणार त्यात? कळण्याची भाकरी तर मला वाटतं गारच चांगली लागते, ज्वारीतला उडीद निवाल्यावर बोलायला लागतो. माझं माहेर यावलकडचं, म्हणजे भरताच्या वांग्यांचा मुलूख. जळगावच्या त्या फिकट हिरव्या लांबोळक्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण हिवाळ्यात शेतात भरताच्या पार्ट्या त्याआधी किती पिढ्या चालत आल्यात ते कोण मोजणार. वांगी भाजायची ती कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर. साल काढताना बोटं अशी भाजतात की ज्याचं त्याला माहीत. एक बोट पाण्याच्या वाटीत, एक वांग्यात. मग ते लाकडी बडजीत लसूण-मिरचीबरोबर ठेचायचं, त्यावर फोडणी, शेंगदाणे, कांद्याची पात. हे सगळं होऊन केळीच्या पानावर वाढलं जाईस्तोवर भरीत कोमट झालेलं असतं, आणि कुणीही, अगदी आबांनीसुद्धा, माझ्या माहेरच्या शेतात बसून "हे भरीत आहे का सरबत" असं विचारलेलं नाही. तिथे चटका खाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. तो सोलणाऱ्याच्या बोटांना आधीच बसून गेलेला असतो.

शेवभाजीची गोष्ट पार उलटी. तिथे आमचे आजोबा-नातू एका बाजूला येतील असं मला वाटलं होतं, कारण तिखटाला पोरगा आमच्यापेक्षा पुढे. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका ढाब्यावर जेवायला गेलो होतो. शेवभाजी फसवी असते. वर तर्रीचा जाड थर, त्यामुळे वाफ बाहेर येत नाही, वाटी कशी शांत दिसते. आणि तेलाखाली रस्सा खदखदत असतो. पोराने शांत वाटी बघून घास घेतला आणि जागचा उठला. तिखट आणि गरम यांचं एक साटंलोटं आहे. चटका ओळखणारा शरीरातला जो संवेदक आहे तो साधारण ४३ अंशांना जागा होतो, आणि मिरचीतलं कॅप्सेसिन त्यालाच जाऊन उठवतं. मिरची लागलेल्या जिभेला मग साधी ऊबसुद्धा आग वाटते. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ढाब्यावर हे आठवून काही उपयोग नव्हता. पोराने वाटी बाजूला सरकवली, निवू दे म्हणाला. निवेपर्यंत शेव फुगून तिचा लगदा झाला. आबांनी तेवढ्यात भाकरी चुरून, वर रस्सा ओतून, कांदा फोडून ताट साफ केलं होतं. लगद्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यापुढे "सरबत" बरं होतं.

वैशाखात हा सगळा वाद घालणं म्हणजे तसा वेडेपणाच आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या वर गेल्याच्या बातम्या, आमच्याकडेही फार वेगळं नाही. दुपारी नळाचं पाणी एवढं तापलेलं की त्यात थेट चहापत्ती टाकावी. पोरगा फ्रीजमधली बाटली सरळ तोंडाला लावतो. आबा माठातलं पाणी पितात, फ्रीजचं दातांना झोंबतं म्हणतात. दात कुठले, असं मी विचारत नाही. आणि त्याच उन्हात चार वाजता कढत चहा. "गरमी गरमीले मारस," असं त्यांचं शास्त्र. ते मला कायम थाप वाटायचं. पण कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकल चालवणाऱ्यांना ५० अंशांचं पाणी पाजून पाहिलं आणि २०१२ साली ते प्रसिद्ध केलं: गरम पाण्याने घाम इतका वाढतो की तो वाळताना शरीरातून जास्त उष्णता नेतो. अट एकच, घाम अंगावर वाळला पाहिजे. मुंबईला नाही चालणार. आमच्या कोरड्या झळांमध्ये घाम फुटलेला कळतसुद्धा नाही, बनियनवर नुसतं मीठ उरतं. माठ गार होतो तोही याच रीतीने. थोडक्यात आबा आणि त्यांचा माठ एकाच तत्त्वावर चालतात.

आमरसावरही आबांचंच बरोबर निघालं, हे मी नाइलाजाने लिहितेय, कारण मला स्वतःला गार रस आवडतो. आबांच्या घरात आंबे बादलीतल्या पाण्यात टाकून ठेवायचे, आणि पिळला की रस पानात. मी फ्रीजमध्ये ठेवते. आबा म्हणतात चव गेली. जिभेला गोडाची जाण थंडपणात कमी होते, वितळलेलं आइसक्रीम खाऊन बघा, किती गोडमिट्ट लागतं. म्हणून तर फ्रीजमधल्या रसात मी साखर घालते आणि बादलीतल्या रसात आबा घालत नाहीत. आता घरात दोन पातेली असतात. त्यावर पुढे बोलत नाही आम्ही.

आखाजीच्या दिवशी सकाळी नव्या घागरीत पाणी भरलं, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, पितरांची पूजा झाली. मग गोवरीचा निखारा पेटवून आबांनी आगारी टाकली: तूप, पुरणपोळीचा तुकडा, रस, कुरडई, भजी. चर्रर्र आवाज झाला आणि खमंग धूर ओसरीभर पसरला. मी चुलीजवळून ते बघत होते. मागच्या अंगणात वर्षातून एकदा चूल पेटते ती खापराच्या मांड्यांसाठी, आणि यंदा मांडे हातावर झेलायला मीच होते. पालथ्या खापरावर मांडा पडतो, फुगतो, काढायचा, घडी घालायची, आत पाठवायची, की पुढचा. खापर तापलेलं असताना थांबता येत नाही. धूर डोळ्यांत जात असताना मला एकदम दिसलं की आमच्या घरात गरम घासाची एक वाट ठरलेली आहे. पहिला पितरांना, निखाऱ्यावरच. मग आबांना. मग पाहुणे, पुरुष, पोरं. घास उतरत उतरत येतो आणि चुलीजवळ पोचतो तेव्हा तो गार झालेला असतो.

सासूबाई जाऊन बराच काळ झाला. त्यांचा चहा म्हणजे पातेल्यात राहिलेला. सगळ्यांचे कप गेले की तळाशी जे उरेल ते एका पितळी वाटीत ओतून, वर झाकणी ठेवून ओट्याच्या कडेला. मग भाकरी, मग डबे, मग कुणाचं पाणी, कुणाचा टॉवेल. केव्हातरी ती वाटी उचलायच्या, वरची साय बोटाने बाजूला करायच्या आणि एका दमात चहा पिऊन टाकायच्या. मी नवी सून असताना म्हणायचे, "आई, थांबा, गरम करून देते." त्या हसून सांगायच्या, "नको व माय, माले कढत सोसत नई." आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं. घरात कुणी विचारलंच तर मीसुद्धा सांगायचे, आईंना कोमटच लागतो. काही वर्षांनी मीही तेच म्हणायला लागले होते. पोराचा तो 'सरबत' चहा मला प्यायजोगा वाटला, तो उगाच नाही.

पुढे एकदा त्यांच्याबरोबर पारोळ्याला त्यांच्या भावाकडे जाणं झालं. भावाच्या सुनेने आल्या आल्या चहा आणला. सासूबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, पदर सैल सोडून. घरी त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी कप हातात घेतला, क्षणभर तसाच धरला आणि सुनेला म्हणाल्या, "हाऊ निवी गया व. जरा कढत कर." ती पोर आत पळाली. दुसऱ्यांदा चहा आला तो वाफाळता. सासूबाईंनी बशीत ओतला, काठाकाठाने फिरवला, फुंकर घातली आणि आबा काढतात अगदी तसाच आवाज काढत प्यायल्या. मध्येच भावाला काहीतरी जुनं सांगून हसल्या. दुसरी बशी. तिसरी. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण ओशाळल्या वगैरे नाहीत. परतताना एसटीत मी विषय काढला नाही आणि त्यांनीही नाही. दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा पितळी वाटी, झाकणी, ओट्याची कड.

पोराला हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग तू आता गरम पी ना, कुणी अडवलंय?" कुणीच नाही अडवलं. मायक्रोवेव्ह आहे, थर्मास आहे. पण मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा तापवलेला चहा म्हणजे नुसता तापमानाचा आकडा. तो स्वतःच उठून स्वतःसाठी तापवायचा, उभ्यानेच प्यायचा, त्यात बशी कोण काढतं? या पोरांना कोमट चालतं ते वेगळं आणि आम्हाला चालतं ते वेगळं. त्यांनी ते निवडलंय. आम्ही ते आवडून घेतलंय. दोन्हीकडे थर्मामीटर तोच आकडा दाखवील.

आखाजीला नणंद आली होती. आली तशी लिंबाला बांधलेल्या झोक्यावर जाऊन बसली, चपला तिकडेच, बॅग ओसरीवर. साठीला आलेली बाई, तिच्या घरी तिच्या दोन सुना आहेत. पायाने जमिनीला रेटा देत तिने तिथूनच हाक मारली, "वहिनी, च्या कढतच जोयजे बरं!" मी कप गरम पाण्याने विसळला. चहा गाळला तसा पळत नेला. आबांनी लेकीच्या हातातल्या कपाकडे एकदा पाहिलं, वाफ निघतेय याची खात्री केली आणि पोराला म्हणाले, "तुन्ही आत्याले बशी दे."

बशी घेऊन पोरगाच गेला. थर्मामीटर नव्हतं नेलं, एवढं बरं.

घरचं सगळं आवरलं की मी यावलला जाणार आहे. भावजयीचा काल फोन आला होता, रस फ्रीजमध्ये ठेवू का बाहेर, म्हणून. म्हटलं, रसाचं तुम्ही काय ते बघा. चहा मात्र मी येऊन बसल्यावर टाक, आधी करून ठेवू नकोस.